डोकं चपटं, लक्ष मानेकडे

बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं, की बघायला येणाऱ्या बायकांपैकी एखादी हमखास म्हणते, "अगं, डोकं चपटं पडलंय याचं एका बाजूनं. कूस बदलत जा." झालं! आजी मोहरीची उशी शिवायला घेते, मालीश करणारी मावशी डोक्याला गोल आकार द्यायचं मनावर घेते, आणि आई रात्री दूध पाजता पाजता मोबाइलवर हेल्मेट घातलेल्या परदेशी बाळांचे फोटो बघत बसते. तिघींची तळमळ खरी असते, आणि तिघींची नजर डोक्याच्या आकारावरच खिळलेली असते.

गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नावर जगभर बरंच संशोधन झालं. त्या सगळ्यातून हाती येणारी गोष्ट थोडी वेगळी आहे. चपटेपणा बहुतेक बाळांत वयाबरोबर कमी होत जातो आणि त्यानं मेंदूला इजा होत नाही. पण तो आला कशामुळे, याचं उत्तर बाळाच्या मानेत, त्याच्या हालचालीत आणि दिवसभर आपण त्याला कसं ठेवतो यात सापडतं. काही मोजक्या बाळांत तर हा चपटेपणा म्हणजे विकास थोडा सावकाश चालल्याची पहिली दिसणारी खूण असते. म्हणून डोकं गोल करण्याच्या खटाटोपाआधी मान तपासायला हवी.

कवटी चपटी होते कशी

जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटरनं वाढतो, पुढचे तीन महिने एकेक सेंटिमीटरनं, आणि नंतर वेग मंदावतो. वर्षाच्या बाळाचा घेर ४५-४६ सेंटिमीटरच्या आसपास पोचलेला असतो. आयुष्यात पुन्हा कधीही डोकं या गतीनं वाढत नाही. ही वाढ सामावून घेता यावी म्हणून कवटीची हाडं पातळ असतात आणि त्यांच्यामधले सांधे सुटे असतात. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरून येते, पुढची मोठी टाळू साधारण एक ते दीड वर्षापर्यंत मऊ राहते.

कवटीला आकार मिळतो तो आत वाढणाऱ्या मेंदूमुळे. मेंदू सगळीकडे सारखाच ढकलतो, पण एखादी बाजू सतत अंथरुणाला टेकलेली असेल तर तिथे वाढीला जागा मिळत नाही आणि वाढ मोकळ्या बाजूंना वळते. जमिनीला टेकून वाढलेला भोपळा खालून चपटा राहतो, तसाच हा प्रकार. मेंदूची वाढ त्यामुळे अडत नाही, तिची दिशा तेवढी बदलते.

याचे मुख्य प्रकार दोन. बाळ मान सतत एकाच बाजूला वळवून झोपत असेल तर मागची ती बाजू चपटी होते, त्या बाजूचा कान जरा पुढे सरकतो आणि कपाळही त्याच बाजूला थोडं पुढे येतं. डॉक्टर याला प्लॅजिओसेफली म्हणतात. बाळ नेमकं सरळ उताणं पडून राहत असेल तर डोक्याची मागची बाजू सगळीच सपाट होते आणि डोकं रुंद दिसतं. ही ब्रॅकिसेफली. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं अतिदक्षता विभागात बराच काळ कुशीवर असतात, त्यांचं डोकं कधी कधी उलट अरुंद आणि लांबट होतं.

प्रसूतीच्या वेळी जन्ममार्गातून येताना डोकं लांबुळकं होतं किंवा त्यावर सूज येते, ती गोष्ट वेगळी. तो आकार काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपसूक ओसरतो. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो चपटेपणा जन्मानंतर हळूहळू येतो आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात नजरेत भरतो.

कुणाला होतो? पहिलटकरणीचं बाळ, मुलगा, जुळ्यांपैकी एक, अपुऱ्या दिवसांचं बाळ, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेली प्रसूती, मानेचा स्नायू एका बाजूनं आखडलेला असणं, ही कारणं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळली. नेदरलँड्समध्ये ३८० बाळांच्या पाहणीत आणखी काही घरगुती कारणं पुढे आली: बाटली नेहमी एकाच हातावर घेऊन पाजणं, कपडे बदलताना बाळाला नेहमी एकाच दिशेनं ठेवणं, जागेपणी पालथं घालण्याचा कंटाळा करणं. कॅनडातल्या कॅलगरीत ७ ते १२ आठवड्यांची बाळं तपासली तेव्हा ४६.६ टक्के बाळांच्या डोक्याला थोडाफार चपटेपणा होता, त्यांतल्या बहुसंख्यांत तो सौम्य होता आणि जवळपास दोन तृतीयांशांत उजवीकडे होता. उजवी बाजूच का? गर्भाशयात बाळाची जी ठेवण सर्वाधिक आढळते, तिच्यात मान उजवीकडे वळवणं सोपं जातं, हे त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

एका मोहिमेची दुसरी बाजू

हा प्रश्न १९९० नंतर एकदम मोठा का झाला, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला रूढ झाला. अमेरिकेतल्या घराघरांत ज्यांचं पुस्तक होतं त्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांनीही पन्नाशीच्या दशकात तोच सल्ला दिला. बाळ उताणं असताना उलटी झाली तर श्वासनलिकेत जाईल, ही त्यामागची भीती. त्याच काळात पाळण्यातल्या अकस्मात मृत्यूंची संख्या वाढत गेली. रात्री धडधाकट झोपलेलं बाळ सकाळी मृत सापडायचं आणि शवविच्छेदनातही कारण मिळायचं नाही. नेदरलँड्स, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथल्या संशोधकांना पालथ्या झोपेशी याचा संबंध दिसू लागला. नेदरलँड्सनं १९८७ मध्ये सल्ला बदलला. ब्रिटनमध्ये १९९१ साली दूरचित्रवाणी निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ असंच गेलं, आणि त्यांच्या पुढाकारानं तिथली मोहीम घराघरांत पोचली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं १९९२ मध्ये शिफारस केली आणि १९९४ मध्ये 'बॅक टू स्लीप' ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. बाळाला झोपवायचं ते पाठीवर, एवढाच तिचा संदेश होता.

परिणाम विलक्षण होता. अमेरिकेत अशा मृत्यूंचं प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवण्याची बाजू बदलली आणि हजारो बाळं वाचली. २००५ साली जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या ब्रिटिश संशोधकांनी तर दाखवून दिलं, की पालथ्या झोपेचा धोका ओळखता येईल इतका पुरावा १९७० पर्यंतच जमा झाला होता. तो वेळेवर एकत्र मांडला गेला नाही, म्हणून वीस वर्षं चुकीचा सल्ला चालू राहिला.

१९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी नोंदवलं, की मागून चपटं डोकं घेऊन येणाऱ्या बाळांची संख्या अचानक वाढली आहे. आधी काहींना वाटलं, हा कवटीच्या सांध्यांचाच आजार बळावला. मग लक्षात आलं, ही बाळं पाठीवर झोपणारी आहेत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये २०० बाळांचा जन्मापासून दोन वर्षांपर्यंत माग काढला गेला. सहाव्या आठवड्यात १६ टक्के, चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के, आठव्या महिन्यात ९ टक्के, वर्षाला ७ टक्क्यांच्या आत आणि दोन वर्षांना ३.३ टक्के, असा चपटेपणाचा आलेख त्यात निघाला. म्हणजे चौथ्या महिन्यापर्यंत चढण आणि मग सतत उतार. बाळ मान धरतं, पालथं पडतं, बसतं, तसतसा डोक्यावरचा दाब संपतो आणि आकार सुधारत जातो. पूर्ण सुधारतोच असं नाही, पण उरलेलं बरंचसं केसांखाली झाकतं.

या आकड्यांवरून कुणी पालथं झोपवण्याकडे परत जाऊ नये. चपटं डोकं ही त्या मोहिमेची किंमत असेल, तर ती नगण्य आहे.

चपटेपणा आणि आजार यांतला फरक

आता महत्त्वाची शंका. डोकं वाकडं दिसलं तर ते अंथरुणामुळेच, हे कशावरून? कवटीचे सांधे वेळेआधी जुळून येण्याचा आजार असतो. त्याला क्रेनिओसिनोस्टॉसिस म्हणतात आणि साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाला तो होतो. त्यावर शस्त्रक्रिया लागू शकते, तीही बहुधा पहिल्या वर्षात. म्हणून हा फरक करता येणं गरजेचं आहे, आणि अनुभवी डॉक्टर तो बहुतेक वेळा हातानं व डोळ्यांनीच करतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन प्रत्येक बाळाला लागत नाही.

घरीही एक निरीक्षण करता येतं. बाळाला मांडीवर बसवून आधार द्यावा, केस ओले करून चापून बसवावेत आणि बरोबर वरून, टाळूच्या दिशेनं, डोक्याकडे पाहावं. मोबाइलवर वरून फोटो घेतला तरी चालतो. दाबामुळे झालेला चपटेपणा असेल तर डोकं वरून तिरप्या चौकोनासारखं दिसतं: चपट्या बाजूचा कान पुढे आणि कपाळही त्याच बाजूला पुढे. मागचा सांधा जुळून आल्यानं डोकं चपटं झालं असेल तर त्या बाजूचा कान बहुधा मागे किंवा खाली ओढल्यासारखा दिसतो, आणि कानामागे हाडाचा उंचवटा लागतो. हा प्रकार फार क्वचित आढळतो. डोकं होडीसारखं लांब व अरुंद आणि माथ्यावर कंगोरा, किंवा कपाळ मधोमध टोकदार असेल, तर वेगळे सांधे बंद झाल्याचा संशय येतो. जन्मापासूनच आकार बिघडलेला असणं आणि महिन्यागणिक तो सुधारण्याऐवजी बिघडत जाणं या दोन गोष्टी दिसल्या तर थांबू नये. महिन्यातून एकदा घेतलेला तसाच फोटो डॉक्टरांना तपासणीत फार उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट मानेची. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू जन्मतःच आखडलेला असेल तर बाळाचं डोकं एका खांद्याकडे कलतं आणि हनुवटी दुसरीकडे वळते. कधी त्या स्नायूत छोटीशी गाठ हाताला लागते. असं बाळ झोपेत, जागेपणी, दूध पिताना सतत एकाच बाजूला पाहतं, आणि डोकं त्याच बाजूनं चपटं होतं. इथे चपटेपणा परिणाम असतो, मूळ कारण मानेत असतं. तपासायला खुळखुळा पुरतो. बाळ उताणं असताना पायांशी बसावं, त्याचं लक्ष वेधून खुळखुळा हळूहळू एका खांद्याच्या दिशेनं आणि मग दुसऱ्या खांद्याच्या दिशेनं न्यावा. तीन महिन्यांच्या बाळाची हनुवटी दोन्ही बाजूंना जवळजवळ खांद्यापर्यंत जायला हवी. एका बाजूला ते अर्ध्यावर अडत असेल, रडत असेल किंवा मानेऐवजी सगळं अंग फिरवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू होईल तितके कमी दिवस ती लागते.

विकास मागे पडतो का?

या विषयावर सगळ्यात जास्त घबराट इथेच आहे. 'चपटं डोकं म्हणजे मंद बुद्धी' असं कुणीतरी बोलून जातं आणि आईची झोप उडते.

२००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चपटं डोकं असलेल्या मुलांपैकी जवळपास ४० टक्के मुलांना शाळेत काही खास मदत लागली होती, त्यांच्या भावंडांत मात्र ८ टक्क्यांना, असं त्यात दिसलं. पण तो एका तज्ज्ञ दवाखान्यात आलेल्या मुलांचा, फोनवर पालकांना विचारून केलेला अभ्यास होता. त्यानंतर सिअ‍ॅटलमधल्या संशोधकांनी अधिक काटेकोर पाहणी केली. चपटं डोकं असलेल्या दोनशेहून अधिक बाळांची तितक्याच इतर बाळांशी तुलना केली. सातव्या महिन्याच्या आसपास पहिल्या गटाचे गुण सरासरीनं कमी होते, आणि मोठा फरक हालचालीत होता: मान, धड, उलटणं, बसणं. हीच मुलं शाळेच्या वयाची झाल्यावर पुन्हा तपासली, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. ज्यांचा चपटेपणा मध्यम किंवा तीव्र होता त्यांचे बुद्धी व अभ्यासाचे गुण सरासरीनं थोडे कमी होते. सौम्य चपटेपणा असलेली मुलं आणि बाकीची मुलं यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे वाचून लगेच निष्कर्ष काढायची घाई करू नये. सरासरीतला फरक म्हणजे प्रत्येक मुलातला फरक नव्हे, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. चपट्या डोक्यानं मेंदूवर दाब येतो आणि विकास खुंटतो, याला आधार नाही. उलट वाट जास्त पटणारी आहे. ज्या बाळाच्या स्नायूंना ताण कमी, ज्याची हालचाल जन्मापासूनच थोडी सावकाश, ते बाळ मान कमी वळवतं, एकाच जागी पडून राहतं, आणि म्हणून त्याचं डोकं चपटं होतं. २०१७ साली १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात चपटेपणा आणि विकासातला विलंब, विशेषतः हालचालीतला, यांचा संबंध दिसला. म्हणून तज्ज्ञ आता चपट्या डोक्याला विलंबाचं कारण न मानता सावध करणारी खूण मानतात. चपटं डोकं असलेल्या बहुसंख्य बाळांचा विकास अगदी सुरळीत असतो. मध्यम-तीव्र चपटेपणा असेल तर मात्र डोक्याच्या मापाबरोबर विकासाचीही तपासणी व्हायला हवी.

एक शंका आणखी येते: पाठीवर झोपवल्यानंच बाळ मागे पडतं का? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ३५१ बाळांच्या अभ्यासानं त्याचं उत्तर दिलं. पालथी झोपणारी बाळं उलटणं, बसणं, रांगणं हे टप्पे थोडे आधी गाठत होती, पण दोन्ही गट नेहमीच्या वयोमर्यादेतच होते आणि चालायला लागण्याच्या वयात फरक नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या ८१६ मुलांवर आधारित टप्पे २००६ मध्ये जाहीर केले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा पल्ला ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्यानं चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. सुमारे ४ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी वेळेवर चालली. शेजारचं बाळ आठव्या महिन्यात रांगलं म्हणून आपल्याला घाम फुटायचं कारण नाही.

उपायांचा हिशेब

पहिला उपाय फुकटचा: बाळाची बाजू बदलत राहणं. झोपवताना डोकं कधी पाळण्याच्या एका टोकाला, कधी दुसऱ्या. बाळ प्रकाशाकडे आणि माणसांकडे पाहतं, त्यामुळे दिशा बदलली की मान आपोआप वळते. बाटलीनं दूध पाजत असाल तर हात बदलावा. अंगावर पाजताना बाजू तशीही बदलतेच.

दुसरा उपाय जागेपणी पालथं घालणं. अमेरिकन अकादमी म्हणते, सातव्या आठवड्यापर्यंत दिवसाकाठी एकूण १५ ते ३० मिनिटं गाठावीत. जागतिक आरोग्य संघटना २०१९ च्या मार्गदर्शनात रांगायला न लागलेल्या बाळांसाठी दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी किमान ३० मिनिटं सांगते. एकदम तीस मिनिटं कुणी करत नाही. दर वेळी दोन-तीन मिनिटंही पुरतात. बाबानं पाठीवर आडवं व्हावं आणि बाळाला छातीवर पालथं घ्यावं, हेही त्यात धरलं जातं. बाळ तोंड बघायला मान उचलतं, तोच व्यायाम.

तिसरा उपाय फिजिओथेरपी. नेदरलँड्समध्ये २००८ साली ६५ बाळांवर केलेल्या चाचणीत सातव्या आठवड्यापासून मोजक्या भेटी दिल्या गेल्या. तीव्र चपटेपणाचा धोका सहाव्या महिन्यात ४६ टक्क्यांनी आणि वर्षाला ५७ टक्क्यांनी कमी झाला. सगळ्या उपायांत पुराव्याच्या दृष्टीनं हा वजनदार आहे, आणि तो लवकर सुरू करण्यावरच अवलंबून आहे.

चौथा उपाय हेल्मेट. मापानं घडवलेलं हे हेल्मेट दिवसातले २३ तास घालायचं आणि मोकळ्या जागेकडे डोकं वाढू द्यायचं, अशी कल्पना. सिअ‍ॅटलमधल्याच डॉ. स्टर्लिंग क्लॅरन यांनी १९७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. १९९० नंतर त्याचा मोठा धंदा झाला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधली यादृच्छिक चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली पाच-सहा महिन्यांची ८४ बाळं, अर्ध्यांना हेल्मेट, अर्ध्यांना काहीच नाही. दोन वर्षांच्या वयाला पूर्ण बरं झालेल्यांचं प्रमाण हेल्मेट गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के. सगळ्या पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला: त्वचेला पुरळ, घाम, वास, आणि बाळाला छातीशी धरता न येण्याची खंत. या चाचणीवर टीकाही झाली. सहभागाला तयार झालेले पालक थोडे होते, अनेकांची हेल्मेट नीट बसत नव्हती आणि अतितीव्र चपटेपणाची बाळं वगळली होती. अमेरिकेतले मेंदू-शल्यचिकित्सक आजही मध्यम-तीव्र चपटेपणा इतर उपायांनी हटला नाही तर हेल्मेटची शिफारस करतात. माझं मत असं, की सौम्य चपटेपणाला हेल्मेट घेणं म्हणजे पैशाचा आणि बाळाच्या उन्हाळ्याचा अपव्यय. तीव्र चपटेपणात ते घ्यायचं असेल तर आधी सांध्यांचा आजार नाही याची खात्री, मग मानेवर उपचार आणि मगच हेल्मेट.

पाचवा उपाय उशी. आपल्याकडची मोहरीची असो, की बाजारातली मधे खळगा असलेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नका, असा थेट इशारा दिला, कारण त्यांत गुदमरण्याचा धोका आहे. वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात उशीच नको, हा सुरक्षित झोपेचा सर्वमान्य नियम आहे. मोहरी नैसर्गिक आहे म्हणून तो नियम तिला लागू होत नाही, असं नाही.

आपल्या घरातलं शहाणपण

मराठी घरात बाळाच्या संगोपनाची परंपरा दांडगी आहे, आणि या प्रश्नात ती अर्धी कामाची, अर्धी टाळण्यासारखी आहे.

कामाची गोष्ट रोजच्या न्हाऊ-माखूची. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते, बाळाला पोटऱ्यांवर आधी उताणं घेते, मग पालथं घालते, पाठ चोळते, कोमट पाणी ओतते. त्या पालथेपणात बाळ मान उचलायची धडपड करतं. म्हणजे परदेशी पालकांना ज्याची पत्रकं वाटावी लागली, ती गोष्ट आपल्याकडे रोजच्या आंघोळीतच होती. ती फक्त आंघोळीपुरती होती, एवढं लक्षात ठेवून दिवसभरातही करावी.

टाळण्यासारखी गोष्ट डोकं दाबणं. मालीश करताना मागून-पुढून तळहातांनी दाबून डोकं गोल करायचा प्रयत्न होतो. आकार देतो तो आतला मेंदू आणि अंथरुणाचा दाब. पाच मिनिटांच्या हातानं तो बदलत नाही. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, दाबू नये. कवटीची हाडं दाबल्यावर पिंगपाँगच्या चेंडूसारखी आत दबत असतील तर ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात, ते थेंब चुकवू नयेत.

जुनं आणि नवं यांची सरमिसळ वॉकरमध्ये दिसते. लाकडी पांगुळगाडा धरून मूल उभं राहतं, स्वतः पाऊल टाकतं. चाकांच्या बैठकीत बसवलेला वॉकर मात्र बाळाला लटकत ठेवतो आणि जिन्यावरून, ओट्याजवळ अपघात घडवतो. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. बाउन्सर, कार सीट, झुल्याची खुर्ची यांत तासन् तास बसलेल्या बाळाचं डोकं मागून टेकलेलंच राहतं, म्हणून जागेपणी त्यांची मर्यादा ठेवावी.

तपासणीच्या बाबतीतही महाराष्ट्राकडे स्वतःचं असं बरंच आहे. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांच्या विकासाची मापनपद्धती तयार केली. तिची पुस्तिका पुण्यातून निघाली, आणि आजही देशभर विकासतपासणीत ती वापरली जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. कमी दिवसांच्या बाळांना नियमित विकासतपासणी का हवी, याचे धडे त्यातून मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलेली नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींत देशभर पोचली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. त्यात बाळाची तपासणी जन्मस्थळी, घरी आणि अंगणवाडीत होते, आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. तिथे फिजिओथेरपी मोफत मिळते. शहरातल्या महागड्या क्लिनिकइतकाच हा दरवाजा उघडा आहे, फक्त तो ठाऊक असायला हवा.

घरातल्यांनी काय करायचं

बाळाला झोपवायचं ते पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, उशीशिवाय. जागेपणी, कुणी समोर असताना, पालथं घालायचं. दर झोपेला दिशा बदलायची. महिन्यातून एकदा वरून फोटो काढायचा आणि खुळखुळा घेऊन दोन्ही बाजूंना मान वळते का ते पाहायचं. आशाताईंना किंवा लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांना तो फोटो दाखवायचा.

बाळ चौथ्या महिन्यातही मान धरत नसेल, दोन्ही बाजूंना मान वळवत नसेल, तीन महिन्यांनंतरही तोंड पाहून हसत नसेल, नऊ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, किंवा डोक्याचा आकार दिवसेंदिवस बिघडत असेल, तर "होईल आपोआप" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. या तक्रारींसाठी बालरोगतज्ज्ञांची भेट घ्या आणि विकासाची तपासणी करून मागा. यातलं काहीच नसेल, बाळ हसत असेल, वळत असेल, पालथं पडत असेल, तर डोक्याच्या चपट्या कडेची काळजी सोडून द्या. मोहरीची उशी मागे ठेवा आणि तो वेळ बाळाला पालथं घालून त्याच्यासमोर बसण्यात घालवा.